पैसे कुठे वाचवलेत ते आधी बघ

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

शिकार आणि निशाणबाजी दोन्हींसाठी घ्यायच्या रायफलीची तुझी यादी मिळाली. पाच रायफली, त्यातल्या दोन .३०० विंचेस्टर मॅग्नम, आणि प्रत्येकीपुढे 'सब-एमओए गॅरंटी' लिहून खाली दोन-दोन रेघा. त्या रेघा आधी खोड.

एमओए हे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग; एक एमओए म्हणजे शंभर मीटरवर २.९ सेंमी. एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांची छिद्रं किती जागेत पडली तो 'ग्रुप', आणि 'सब-एमओए' म्हणजे तो याहून लहान. कंपनीची हमी बहुतेक वेळा तीन गोळ्यांच्या ग्रुपची असते, तीही उत्तम काडतुसं आणि सरावलेला हात धरून. तीन गोळ्या जवळजवळ पडणं यात नशिबाचा वाटा मोठा. तीच रायफल, तीच काडतुसं, काहीही न बदलता पाच गोळ्या मारल्यास तर ग्रुप सरासरी सव्वापट होतो. दहा मारल्यास तर दीडपटीहून थोडा जास्त. रायफल बिघडलेली नसते, गणितच तसं आहे. तीन गोळ्यांत अडीच सेंमी दाखवणारी रायफल दहा गोळ्यांत चार सेंमीच्या आसपास जाणार, आणि तीच तिची खरी पत. शिकारीला तेवढं भरपूर आहे. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग वीसेक सेंमीचा धरला, तर दीड एमओएची रायफल दोनशे मीटरवर नऊ सेंमीच्या आत मारते. उरलेली चूक वाऱ्याची, अंतराच्या अंदाजाची आणि तुझ्या बोटाची.

आता मुद्द्याचं. आज स्वस्तातल्या रायफलीची नळीसुद्धा चांगली निघते. पोलादी नळीत खाचांचा उलटा साचा घालून बाहेरून हातोड्यांनी ठोकायची, किंवा कार्बाइडचं बटण दाबाने आरपार ओढून खाचा उमटवायच्या. यंत्र एकदा नीट लागलं की नळीमागून नळी सारखीच पडते. त्यामुळे कंपनी पैसे वाचवते ते दुसरीकडे. तू शोधायचं ते एवढंच, की कुठे वाचवलेत आणि तिथे वाचवलेले चालतात का.

काही बचती चक्क फायद्याच्या असतात. बोल्टच्या (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, जिथे अडतं तिथपर्यंतच्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. ते जास्त झालं तर पुंगळी ताणून फाटते, कमी झालं तर बोल्ट बंदच होत नाही. जुन्या पद्धतीत नळीचा खांदा कोरून कारागीर हे अंतर जुळवायचा, आणि तो वेळ किमतीत यायचा. १९५८ मध्ये आलेल्या सॅव्हेज ११० मध्ये नळी गेजला (मापाच्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत फिरवायची आणि मोठ्या नटाने तिथेच आवळायची, अशी सोय केली. तिच्या बोल्टचं डोकं वेगळं आणि किंचित हलतं असतं, त्यामुळे दोन्ही लगांवर (बोल्टला कुलूप लावणाऱ्या खुंटांवर) भार सारखा येतो. स्वस्त आहे आणि अचूकही. रुगर अमेरिकननेही नळीचा नटच घेतला. टिक्काने दुसरी वाट धरली: टी-३ आणि २०१६ पासूनची टी-३-एक्स, सगळ्या कॅलिबरना रिसीव्हरची (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याची) लांबी एकच. छोट्या काडतुसाला ती जरा जास्त होते, पण नेमाला काही फरक पडत नाही.

न चालणारी बचत दस्त्यात असते. मला विचारशील तर स्वस्त रायफलीची अर्धी रडगाणी तिथूनच येतात. पातळ प्लॅस्टिकच्या दस्त्याचा पुढचा भाग वाकतो, नळीला टेकतो, आणि नळीचं कंपन दर गोळीला वेगळं होतं. दुकानात हे तपासायला दोन मिनिटं लागतात. आधी बोल्ट मागे घे, चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्याने बघ, मग करंगळी घालून बघ. नंतर साध्या कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामध्ये घालून टोकापासून रिसीव्हरपर्यंत सरकव. कुठेही अडकता कामा नये. मग अंगठा नळीवर, बोटं दस्त्याखाली, आणि मध्यम जोराने चिमटीत दाब. दस्ता नळीला टेकला तर बायपॉडवर (पुढच्या दोन पायांवर) किंवा ताणलेल्या पट्ट्यावरही टेकणार.

दुसरी तपासणी पाना वापरून करायची, म्हणून घरी आणल्यावर. रायफल उभी धर, नळी आणि दस्त्याचं पुढचं टोक जिथे शेजारी येतात तिथे दोन्हींवर मिळून बोटाचं पेर ठेव, आणि पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू (रिसीव्हर दस्त्याला धरणारा) हळूहळू सैल कर. बोटाखाली नळी हललेली जाणवली तर रिसीव्हर दस्त्यात सरळ बसलेला नाही, स्क्रू त्याला वाकवतोय. बोटाला काहीच कळलं नाही तर बेडिंग, म्हणजे दस्त्यातली बैठक, ठीक. रुगर अमेरिकनमध्ये यासाठी दस्त्यात पोलादाचे दोन इंग्रजी व्ही आकाराचे ठोकळे बसवलेले असतात, आणि एवढ्या साध्या दस्त्यातही ती टिकून मारते त्याचं कारण बहुतांशी हेच. होवा १५०० मध्ये रिसीव्हरचा तळ सपाट आणि रिकॉइल लग (धक्का दस्त्यावर देणारा खुंट) रिसीव्हरलाच घडवलेला, त्यामुळे तिला बसायला भक्कम जागा मिळते. वजन मात्र जास्त. वेदरबीची व्हॅनगार्डही होवाच बनवते, तेव्हा दोन्हींची तुलना करताना दस्ता, ट्रिगर आणि किंमत एवढंच बघ.

अ‍ॅक्शन स्क्रू टॉर्क पान्यानेच आवळायचे. आकडा त्या रायफलीच्या मॅन्युअलमधला. अ‍ॅल्युमिनियमचे पिलर (स्क्रूभोवतीच्या नळ्या) असतील तर तो साधारण ५ ते ७ न्यूटन-मीटरच्या घरात असतो, पिलर नसलेल्या लाकडी दस्त्याला त्याहून बराच कमी. हाताच्या अंदाजाने आवळलेल्या स्क्रूंनी एका दिवशी तीन सेंमी आणि दुसऱ्या दिवशी सहा सेंमी असा खेळ होतो, आणि माणूस काडतुसांना शिव्या देत बसतो.

चाप. शिकारीच्या रायफलीवर सव्वा किलोच्या आसपासचा ओढा बरा. थंडीत हातमोजे घालून त्याहून हलका धोक्याचा. वजनापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो न सरकता, कुरकुर न करता सुटला पाहिजे. सॅव्हेजचा अ‍ॅक्युट्रिगर, टिक्काचा, होवाचा दोन टप्प्यांचा, हे तिन्ही आहेत तसेच वापरण्याजोगे. सेफ्टीची परीक्षा रिकाम्या रायफलीवर अशी घे: बोल्ट बंद करून सेफ्टी लाव, चाप जोरात ओढ, सोड, मग सेफ्टी काढ. त्या क्षणी 'खट्' झालं तर रायफल परत ठेव. झालं नाही तर सेफ्टी काढलेल्या अवस्थेत बोल्ट तीन-चारदा जोराने आपट, दस्त्याच्या मागच्या टोकावर तळहाताने ठोसे मार. काडतुसावर आपटणारी पिन सुटता कामा नये. जुनी रेमिंग्टन ७०० घेण्याचा मोह झाला, तर १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेले एक्समार्क प्रो ट्रिगर कंपनीने दुरुस्तीसाठी परत मागवले होते, हे लक्षात ठेवून त्या नगाचं काम झालंय का ते विचार.

बोल्ट खरखरीत असेल तर तिकडे दुर्लक्ष कर. दोनेकशे वेळा मागेपुढे केल्यावर, ग्रीसचा ठिपका लगांच्या मागच्या बाजूला लावल्यावर, तो बराच सुधारतो. इथली बचत चालते. मॅगझिनच्या बाबतीत मात्र हट्ट धर. भरलेलं मॅगझिन दहा वेळा लाव-काढ, आणि विक्रेत्याकडून डमी (दारू नसलेली) काडतुसं मागून हळू आणि वेगात, दोन्ही प्रकारे भरून बघ. टोक चेंबरच्या कडेवर आपटत असेल तर ते मॅगझिनच्या ओठांचं दुखणं आहे, आणि ते घरी बरं होत नाही. प्लॅस्टिकचं म्हणून नाक मुरडू नकोस; टिक्काचं प्लॅस्टिकचंच आहे आणि उत्तम चालतं.

तू डावखुरा, म्हणून निवड थोडी आखडते. सॅव्हेज, रुगर आणि टिक्का तिघांच्याही डावखुऱ्या आवृत्त्या निघतात, पण प्रत्येक कॅलिबरमध्ये आणि प्रत्येक दस्त्यात नाही. उजव्या बोल्टवर चालवून घेईन असं म्हणू नकोस. बाकावर बसून ते जमतं. जंगलात दुसऱ्या गोळीसाठी हात वरून पलीकडे न्यावा लागतो आणि गाल दस्त्यावरून उठतो. शिवाय प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगीची टोपी) फुटून वायू मागे आला तर तो उजव्या बाजूच्या खिडकीतून निघतो, आणि तिथे तुझा चेहरा असतो.

आता ती .३००. १९६३ चं हे काडतूस मोठ्या जनावरांसाठी आणि लांब पल्ल्यासाठी जबरदस्त आहे, पण त्याचा धक्का सारख्याच वजनाच्या .३०८ च्या साधारण दीडपट, आवाज कानठळ्या बसवणारा, नळी लवकर झिजणारी आणि काडतुसं महाग. सरावाच्या दिवशी पंधराव्या गोळीपासून डोळे मिटायला लागतात. आणि ही सवय लागायला एक दुपार पुरते, मोडायला मोसम जातो. शिकार आणि निशाणबाजी दोन्ही एकाच रायफलीने करायची तर .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर. .३०८ हे १९५२ चं, सगळीकडे मिळणारं, नळी पाच हजार गोळ्यांपुढेही साथ देते. ६.५ हे २००७ चं, काडतुसं बनवणाऱ्या हॉर्नेडीने निशाणबाजीसाठीच काढलेलं, धक्का .३०८ च्या पाऊणपट, लांब गोळीला वारा कमी लागतो, पण अडीच-तीन हजार गोळ्यांनंतर अचूकता ओसरू लागते, आणि नळी तापलेली असताना धडाधड मारत राहिलास तर त्याआधीच. तीनशे मीटरच्या आत हरणाला दोन्हींतला फरक कळत नाही. माझं मत ६.५ ला, पण त्याची किमान तीन प्रकारची काडतुसं तुला नेहमी मिळत असतील तरच. नाहीतर डोळे झाकून .३०८. परवाना, मोसम आणि कुठल्या जनावराला किमान कुठलं कॅलिबर हे कायद्यात बघूनच पुढे जा, काही भागांत .२२३ ने हरीण मारायला बंदी आहे.

नळीचा पीळ डब्यावर किंवा नळीवर छापलेला असतो. १:८ म्हणजे गोळी आठ इंचांत एक पूर्ण फेरी घेते. लांब गोळीला जलद पीळ लागतो. ६.५ ला १:८ आणि .३०८ ला १:१० असला की दुकानात मिळणारं जवळजवळ सगळं चालतं. .२२३ मध्ये मात्र लोक फसतात: १:१२ च्या नळीत ७५ ग्रेन वजनाची लांब गोळी घातली तर ती डगमगत जाते आणि कागदावर गोल छिद्राऐवजी आडवं, लांबट भोक पडतं.

नळी जाड की पातळ? पातळ नळीची रायफल तीन किलोच्या आसपास, खांद्यावर दिवसभर बरी, पण चौथ्या-पाचव्या गोळीला तापते आणि ग्रुप सरकायला लागतो. जाड नळीची चार-साडेचार किलो, स्कोपशिवाय (नेमाच्या दुर्बिणीशिवाय). दोन्ही कामांना मधली जाडी, बावीस इंच लांबी. चोविसाव्या इंचापर्यंत वाढवलीस तर .३०८ ला दर इंचामागे सात-आठ मीटर प्रतिसेकंद मिळतात, तेवढ्यासाठी झुडपांत अडकत फिरू नकोस. स्टेनलेस गंजत नाही हा गैरसमज आहे; उशिरा गंजतं, एवढंच.

जुनी रायफल चांगल्या स्थितीत मिळाली तर नव्याच्या नादी लागू नकोस. पण नळीचं तोंड बारकाईने बघ. कान साफ करायची कापूसकाडी आतून बाहेर, कडेवरून चारी बाजूंनी फिरव. जिथे कापसाचा धागा अडकला तिथे कडेला चर किंवा टोचा आहे, आणि गोळी सुटताना वायू तिथून आधी निसटून तिला ढकलतो. (हे दुरुस्त होतं, कारागीर तोंड नव्याने कापतो, पण ते पैसे किमतीतून कमी करून माग.) बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघताना मध्येच काळं कडं दिसलं तर नळी आत फुगलेली आहे, नाद सोड. दस्ता काढू दिला तर लाकडाच्या रेषेखाली गंज आहे का बघ. चेंबरपुढचा भाग बोअरस्कोपने (नळीत घालायच्या बारीक दुर्बिणीने) दिसतो. तिथे पोलाद वाळलेल्या चिखलासारखं भेगाळलेलं असेल तर नळी बरीच वापरलेली. स्क्रूंच्या खाचा चेमटलेल्या दिसल्या तर आधी कुणीतरी घरी उद्योग केलेत.

रायफलीवर सगळं बजेट उडवू नकोस. ढोबळ मानाने निम्मं रायफलीला, उरलेल्यातलं निम्म्याहून जास्त स्कोपला आणि माउंटला (तो बसवायच्या बेस आणि रिंगांना), बाकी सरावाच्या काडतुसांना. स्कोप ३-९×४०, म्हणजे तीन ते नऊपट मोठं दाखवणारा, शिकारीला पुरे. निशाणबाजीही करायची तर पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्याचा भास) घालवायची चकती असलेला ३-१५ च्या जवळपासचा घे, आणि रेटिकल (आतली नेमाची फुली) व टरेट (नेम सरकवायची चकती) एकाच मापात, शक्यतो मिलमध्ये: ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे शंभर मीटरवर एक सेंमी, डोक्यात गणित नको. बेसचे स्क्रू आणि भोकं स्पिरिटने पुसून, थ्रेड-लॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एकच थेंब लावून घट्ट कर. रिंगचे स्क्रू १.७ ते २ न्यूटन-मीटर, तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळत. डोळ्याचं अंतर सर्वात जास्त झूमवर ठरव, कारण तिथे ते सर्वात कमी असतं. झोपून मारण्याच्या स्थितीतही बघ. त्या स्थितीत डोकं पुढे येतं आणि धक्क्याने स्कोप लागून भुवई फुटते.

नेम बसवताना बोल्ट काढ, रायफल पिशव्यांवर ठेव, नळीतून पंचवीस मीटरवरचा ठिपका मधोमध आण, आणि रायफल न हलवता टरेट फिरवून रेटिकल त्याच ठिपक्यावर आण. बोल्ट घालून एक गोळी मार. इथे ०.१ मिल म्हणजे फक्त अडीच मिलिमीटर, म्हणून क्लिक चौपट मोजायचे. मग शंभर मीटरवर पाच गोळ्या, त्यांचं मध्य शोधून दुरुस्ती, आणि पुन्हा पाच. शंभर मीटरवर एका गोळीवर कधीच क्लिक फिरवायचे नाहीत. स्कोप खरं बोलतो का हेही एकदा बघून घे: शंभर मीटरवर उभ्या ओळंब्याची मीटरभर रेघ काढ, खालच्या ठिपक्यावर नेम धरून दहा मिल चढव आणि मार. गोळ्या बरोब्बर एक मीटर वर, रेघेवर पडायला हव्यात. पाच सेंमी कमी पडल्या तर स्कोप पाच टक्के खोटा, आणि रेघेपासून बाजूला गेल्या तर तो तिरका बसलाय.

काडतुसं तीन प्रकारची आण, प्रत्येकी वीस. प्रत्येकाआधी दोन-तीन गोळ्या नळीला त्या काडतुसाची सवय व्हायला, मग पाच-पाचचे तीन ग्रुप, दोन ग्रुपांमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. तिन्ही कागद एकावर एक धरून सगळी छिद्रं एकत्र बघ. सर्वात छोटा ग्रुप फाडून पाकिटात ठेवणाऱ्यांचं मला नेहमीच हसू येतं. एखादं काडतूस तुझ्या नळीला आवडणार नाही, त्यात रायफलीचा दोष नाही. शिकारीला फुलणारी गोळीच वापर. मॅच, म्हणजे स्पर्धेची, गोळी कागदावर छान दिसते, पण ती जनावरात नेमकी फुलण्यासाठी बनवलेली नसते आणि जखमी जनावर निसटतं. आणि काडतूस बदललं की नेम पुन्हा तपासायचा. दोन प्रकारांचा मारा शंभर मीटरवर पाच-सात सेंमीने सहज वेगळा पडतो. .३०८ च्या १५० ग्रेनला दोनशे मीटरवर नेम बसवलास तर शंभरला पाच-सहा सेंमी वर, तीनशेला साधारण पाव मीटर खाली. नेमका आकडा स्वतः मारून वहीत लिही. थंड नळीची पहिली गोळी कुठे जाते हेही वेगळं लिही, शिकारीत तीच मोजायची.

ग्रुप अचानक फुटला तर क्रम ठरलेला: बेसचे स्क्रू, रिंगचे, अ‍ॅक्शनचे, मग कागदाची पट्टी, मग नळीचं तोंड, मग आतला तांब्याचा थर, आणि शेवटी दुसरा स्कोप लावून बघ. छिद्रांची उभी माळ दिसली तर तापलेली नळी, टेकणारा दस्ता किंवा काडतुसांचा कमी-जास्त वेग. आडवी दिसली तर वारा किंवा चापाला दिलेला झटका. दोन वेगळे पुंजके दिसले तर काहीतरी दोन जागी बसतंय, म्हणजे बेडिंग नाहीतर माउंट. झटका तुझाच आहे का, हे डमी मिसळून कळतं; मॅगझिन दुसऱ्याला भरायला सांग.

साफसफाई चेंबरच्या बाजूनेच, गाइड (सळी मधोमध ठेवणारी नळी) लावून, एकसंध सळीने. तोंडाकडून सळी घातलीस की कड झिजते. नवी नळी 'बसवायचे' जे लांबलचक विधी लोक सांगतात त्यांत फारसा अर्थ नाही. पहिल्या दहा-वीस गोळ्यांनंतर एकदा स्वच्छ पुसून घे आणि मारायला लाग. पुढे शंभर-दोनशे गोळ्यांनी, किंवा ग्रुप वाढला की.

दुकानात गेलास की तिन्ही डावखुऱ्या रायफलींपुढे कागदाची पट्टी, दस्त्याची चिमटी आणि सेफ्टीची परीक्षा यांचे निकाल लिहून मला पाठव. दस्त्याची लांबीही मोज, चापापासून मागच्या टोकापर्यंत. बहुतेकांना चौतीस-पस्तीस सेंमी बसते, तुझे हात लांब आहेत, स्पेसर (दस्ता लांबवणारी चकती) लागेल. काडतुसं ठरली की एकाच लॉटच्या क्रमांकाची पाच-सहा खोकी एकदम उचल.

तुझी,
आई